रक्तवाहिन्या तयार होताना बघायच्या कशा: कोंबडीच्या अंड्यातले पहिले पाच दिवस

गर्भातल्या रक्तवाहिन्यांचा विषय निघाला की डोळ्यांसमोर नळाच्या पाइपांचं चित्र येतं. मध्ये हृदय नावाचा पंप, आणि त्याच्यातून निघून लांबवर गेलेल्या नळ्या. फलित अंडं योग्य वेळी एकदा उघडून पाहिलं की हे चित्र मोडतं. नळ्या हृदयातून निघत नाहीत. गर्भाच्या अंगापासून दूर, बलकावर पसरलेल्या पातळ पडद्यात, हृदयाचा पहिला ठोका पडायच्याही आधी त्या तुकड्यातुकड्यांनी उगवतात. मग एकमेकींना चिकटतात आणि जाळं होतं. रक्त वाहायला लागल्यावर त्या जाळ्यातली कुठली वाट हमरस्ता होणार आणि कुठली बुजणार ते ठरतं. माळरानावरच्या पायवाटांसारखंच: ज्या वाटेवरून जास्त पाय जातात ती रुंदावते, उरलेल्यांवर गवत उगवतं.

हे सगळं साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, जिवंत, डोळ्यांदेखत बघता येतं. अ‍ॅरिस्टॉटलने कोंबडीची अंडी रोज एक अशी फोडून तिसऱ्या दिवशी उड्या मारणारा लाल ठिपका टिपून ठेवला होता. मार्चेल्लो माल्पिघीने 1672 साली भिंगाखाली पाहून या जाळ्याची चित्रं काढली. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा चांगली भिंगं आहेत, तेव्हा सबब नाही.

आधी दोन शब्द सोडवून घेऊ

पुस्तकात दोन संज्ञा भेटतील. सुट्या पेशी एकत्र येऊन कोरी नळी तयार होते ती व्हॅस्क्युलोजेनेसिस. आधीच असलेल्या नळीला धुमारा फुटून नवी नळी निघते ती अँजिओजेनेसिस. पहिली रीत मुख्यतः गर्भावस्थेच्या सुरुवातीला दिसते. दुसरी मोठेपणीही चालू राहते, जखम भरताना किंवा गाठ वाढताना. अंड्यात पहिले दीड दिवस पहिली रीत, पुढे दुसरी, आणि त्यांच्या मधोमध या लेखातला सगळ्यात रंगतदार भाग, म्हणजे जाळ्याची फेररचना.

शब्दांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. जुन्या मराठी पुस्तकांत रोहिणी आणि नीला असे शब्द आहेत, नव्यांत धमनी आणि शिरा. मी नवे वापरतोय, पण जुने कानाला गोड लागतात हे खरं.

तयारी

फलित अंडी हवीत. दुकानातली खायची अंडी बहुधा निष्फळ असतात, त्यातून काही निघणार नाही. अंडी आणल्यावर लगेच उबवायची नसतील तर 13 ते 16 अंशांना ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. या तापमानाला गर्भाची वाढ थांबून राहते, मरत नाही. जितकी जुनी अंडी, तितकी उबवल्यावर सुरुवात उशिरा.

इन्क्युबेटर 37.5 ते 38 अंशांवर स्थिर झाला की मगच अंडी आत ठेवा. आत पाण्याची उघडी ताटली असू द्या, हवा कोरडी पडता कामा नये. अंडी आडवी ठेवा आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारा. बलक अंड्याच्या पांढऱ्यात हलका तरंगतो आणि गर्भाची बाजू आपोआप वर येते, त्यामुळे फुलीखाली गर्भ सापडतो. पिल्लं काढायची असतील तर अंडी दिवसातून अनेकदा पालटावी लागतात. इथे जेमतेम पाच दिवसांचंच काम आहे, म्हणून मी पालटत नाही.

खारं पाणी आधीच करून ठेवा: एक लिटर पाण्यात 7.2 ग्रॅम आयोडीनविरहित मीठ, 0.37 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 0.17 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. सस्तन प्राण्यांसाठी वापरतात त्या सलाइनपेक्षा यात मीठ कमी असतं, हा फरक जपा. पाणी 38 अंशांवर कोमट ठेवा. गार पाण्यात गर्भाचा ठोका मंदावतो आणि रक्तप्रवाह बघायचा तो दिसत नाही.

बाकी बारीक कात्री, चिमटा, सिरिंज आणि जाड सुई, चिकटपट्टी, गाळण कागद, सत्तर टक्के अल्कोहोल. सूक्ष्मदर्शक दहा ते चाळीस पट दाखवणारा, शक्यतो दोन डोळ्यांचा. प्रकाश बाजूने आणि थंड असावा. तापणाऱ्या बल्बखाली गर्भ पाच मिनिटांत वाळतो. कच्च्या अंड्यावर साल्मोनेला असू शकतो, तेव्हा हात साबणाने धुवा आणि कामाच्या टेबलावर खाऊ नका. शाळा-कॉलेजात करणार असाल तर संस्थेच्या नियमांनुसार परवानगी घ्या. मी पाचव्या दिवसाच्या पुढे जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

तास मोजू नका, सोमाइट मोजा

पहिल्या खेपेला मी घड्याळ लावून तीस तासांनी अंडी उघडली. एकात रक्ताचा मागमूस नव्हता, दुसऱ्यात हृदय उडत होतं. दोन्ही एकाच वेळी ठेवलेली. एक अंडं जुनं असेल, दुसरं इन्क्युबेटरच्या उबदार कोपऱ्यात असेल, कारण काहीही असो. धडा हाच की वय गर्भाच्या अंगावर वाचायचं. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना विटांसारख्या जोड्या दिसतात, त्या सोमाइट. त्यातूनच पुढे मणके आणि स्नायू होतात. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी 1951 साली कोंबडीच्या गर्भाच्या 46 अवस्था ठरवल्या. सुरुवातीच्या अवस्था सोमाइटच्या जोड्यांवरच ओळखतात: 4 जोड्या म्हणजे आठवी अवस्था, 26 ते 29 तास. 10 जोड्या म्हणजे दहावी, 33 ते 38 तास. 13 जोड्या म्हणजे अकरावी, 40 ते 45 तास. वहीत तास लिहा, पण खरा आकडा जोड्यांचा.

पायरी पहिली: रक्ताची बेटं (4 ते 8 जोड्या)

सगळ्यात नाजूक काम हेच, आणि घाई करणारे इथेच हरतात. अंडं अल्कोहोलने पुसा, कोमट भांड्यात हलक्या हाताने फोडा. बलकावर फिकट गोल चकती दिसेल. तिच्याभोवतीचा घट्ट पांढरा भाग टिश्यूने टिपून घ्या, नाहीतर पुढचा कागद चिकटणारच नाही. गाळण कागदाची एक कडी कापा, आतलं भोक साधारण दोन सेंटीमीटरचं. ती चकतीवर अशी ठेवा की गर्भ भोकाच्या मधोमध येईल. काही सेकंद थांबा, कागद ओला होऊन पडद्याला धरेल. मग कडीच्या बाहेरून गोल कापत जा आणि कडी तिरकी उचलून कोमट खाऱ्या पाण्यात सोडा. बलक धुऊन जाईल आणि ताणलेल्या पडद्यावर गर्भ उरेल, डफावर कातडं ताणलेलं असावं तसा. पोटाकडची बाजू वर करून बघा.

नजर गर्भावर नको, कडेला न्या. चकतीच्या बाहेरच्या, कमी पारदर्शक पट्ट्यात, शेपटीकडच्या बाजूला घोड्याच्या नालासारखा एक ठिपक्यांचा पट्टा दिसेल. ठिपके आधी पिवळट-करडे असतात, नंतर लालसर होत जातात. हीच रक्तद्वीपं. प्रत्येक बेट म्हणजे मध्यस्तरातल्या, म्हणजे गर्भाच्या तीन थरांपैकी मधल्या थरातल्या, पेशींचा पुंजका. त्यातल्या बाहेरच्या पेशी चपट्या होऊन नळीचं अस्तर होतात आणि आतल्या पेशी तांबड्या रक्तपेशी होतात. पात्र आणि पाणी एकाच मातीतून. फ्लॉरेन्स सेबिन यांनी 1920 साली अशाच जिवंत पडद्याकडे तासन्‌तास बघून हे टिपलं. दोन्ही पेशींची आई एकच असावी या कल्पनेला पुढे हीमँजिओब्लास्ट असं नाव पडलं. प्रत्येक बेटात ती खरोखर एकच पेशी असते का, यावर वाद बराच चालला. गर्भाच्या अंगात मात्र बहुतेक नळ्या रक्ताशिवायच, रिकाम्या तयार होतात.

पेशींना हे सांगतं कोण? शेजारच्या अंतःस्तरातून, म्हणजे सगळ्यात आतल्या थरातून, व्हीईजीएफ नावाचं प्रथिन झिरपतं आणि मध्यस्तरातल्या पेशींच्या पृष्ठभागावरचा फ्लक-1 हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारं प्रथिन) ते पकडतो. उंदरात फ्लक-1 काढून टाकला तर रक्तद्वीपं बनतच नाहीत, हे 1995 साली दिसलं. त्याच वर्षी त्याचा भाऊ फ्लट-1 काढून पाहिला तेव्हा उलटं झालं: अस्तराच्या पेशी भरमसाट, पण नळ्यांची रचना विस्कटलेली. फ्लट-1 व्हीईजीएफला घट्ट धरून ठेवतो, म्हणजे तो एक प्रकारचा लगाम आहे. मात्रा किती काटेकोर लागते ते 1996 साली कळलं. व्हीईजीएफच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी फक्त एक गेली तरी उंदराचा गर्भ अकरा-बारा दिवसांत दगावतो. एक प्रत शाबूत असूनही गर्भ न टिकणं ही जनुकशास्त्रात दुर्मिळ गोष्ट आहे.

पायरी दुसरी: जाळं जुळतं, ठोका पडतो (10 ते 16 जोड्या)

बेटं लांबट होतात, हात पसरतात आणि शेजाऱ्याला भिडतात. दहा जोड्यांच्या गर्भात कडेचा पट्टा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो: सगळ्या नळ्या जवळपास सारख्याच जाड, कुठून कुठे जायचं याचा पत्ता नाही. या चित्राचा फोटो काढून ठेवा, पुढे तुलनेला लागेल.

आता गर्भाकडे या. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक महाधमनी, म्हणजे दोन, तयार होत असतात. पुढे त्या जवळ येऊन धडाच्या भागात एक होतात. सुरुवातीला त्या लांब का राहतात याचं कारण सुंदर आहे. मधोमध असलेली पृष्ठरज्जू (नोटोकॉर्ड, म्हणजे मणके होण्याआधीची गर्भाच्या पाठीतली आधाराची दांडी) नॉगिन आणि कॉर्डिनसारखी प्रथिनं सोडून रक्तवाहिन्यांच्या पेशींना मधल्या पट्ट्यात येऊ देत नाही. ती मनाई सैलावली की दोन्ही महाधमन्या सरकून एक होतात.

याच सुमारास हृदयाची नळी फुरफुरायला लागते. पहिले ठोके विस्कळीत असतात आणि त्यांनी रक्त फारसं हलत नाही, कारण बेटांतल्या रक्तपेशी अजून प्रवाहात सुटलेल्या नसतात. नुसता पातळ द्रव ढवळला जातो. 40 तासांनंतर, साधारण 13 ते 16 जोड्यांच्या दरम्यान, लाल ठिपके पुढेमागे हलताना दिसतात, मग एक झोला घेऊन पुढे निघतात. हा क्षण साधला तर बाकी सगळं विसरलं तरी चालेल. साधायचा असेल तर एका वेळी चार-पाच अंडी थोड्या थोड्या अंतराने ठेवा.

ठोका थांबला असं वाटलं तर घाबरू नका, गर्भ गार झालेला असतो. कोमट खारं पाणी वर सोडा, बहुतेक वेळा परत सुरू होतो.

पायरी तिसरी: खिडकी पाडून फेररचना बघा (48 ते 72 तास)

आता गर्भ अंड्यातच ठेवून बघायचं. आडव्या अंड्याच्या टोकाला बारीक भोक पाडा, सुई खालच्या दिशेने तिरकी घालून 2 ते 3 मिलिलिटर पांढरा ओढून घ्या. सुई वर झाली तर बलक फुटतो आणि अंडं गेलं. पांढरा काढल्याने गर्भ कवचापासून खाली जातो. भोकावर चिकटपट्टी लावा. फुलीवर रुंद चिकटपट्टी डकवा, म्हणजे कवचाचा चुरा आत पडणार नाही, आणि तिच्यातूनच कात्रीने रुपयाएवढी गोल खिडकी कापा. दोन थेंब खारं पाणी सोडा. बघून झालं की खिडकी पट्टीने बंद करून अंडं परत इन्क्युबेटरात ठेवा.

नळ्या फिकट दिसत असतील तर खाऱ्या पाण्यात दहापट पातळ केलेली काळी चित्रकलेची शाई बारीक सुईने पडद्याखाली सोडतात. मागे काळोख झाला की लाल जाळं उठून दिसतं. शाई कार्बनची असावी. काही शायांमध्ये घातलेलं टिकाऊ रसायन गर्भाला मारतं, म्हणून आधी एका अंड्यावर करून बघा.

दर चार-सहा तासांनी तोच भाग काढत राहा. फोटोपेक्षा पेन्सिलीने काढलेलं चित्र जास्त शिकवतं, कारण हाताला निवड करावी लागते. दिसेल ते असं: कालचं पोळं आज झाड झालंय. गर्भाच्या कमरेतून उजवीकडे-डावीकडे दोन बलक-धमन्या निघतात, फांद्या फुटत फुटत कडेच्या गोल वाहिनीपर्यंत जातात आणि रक्त डोक्याकडच्या शिरांतून हृदयात परततं. पोळ्यातल्या बहुतेक आडव्या वाटा गायब.

हे कोणी ठरवलं? 1893 साली रिचर्ड थोमा यांनी कोंबडीच्या याच पडद्यावर मोजमापं घेऊन सांगितलं की ज्या नळीत प्रवाह वेगवान ती रुंदावते आणि जिच्यात मंद ती आक्रसते. मग 1918 साली चॅपमन यांनी धाडसी प्रयोग केला: ठोके सुरू होण्याआधी गर्भाचं हृदयच काढलं. जाळं तरीही तयार झालं. पण ते पोळंच राहिलं, झाड झालं नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका प्रयोग हाच. पेशींना नळ्या करायला हृदय लागत नाही, रस्ते निवडायला लागतं. नळीच्या अस्तराच्या पेशी वाहत्या रक्ताचं घर्षण ओळखतात आणि त्यानुसार वाढतात, सरकतात किंवा मागे हटतात.

धमनी आणि शिरा हा भेदही प्रवाहच करतो, असं बराच काळ धरलं जायचं. 1998 साली उंदरात दिसलं की एफ्रिन-बी2 हे प्रथिन धमनीच्या अस्तरावर आणि त्याचा जोडीदार ईएफबी4 शिरेच्या अस्तरावर असतो, आणि ही वाटणी रक्त वाहायच्या आधीच झालेली असते. म्हणजे जात जन्माने ठरते? तसंही नाही. 2004 साली कोंबडीच्या गर्भात एका बाजूची बलक-धमनी अडवून पाहिलं. त्या भागातला प्रवाह बदलला आणि धमनीच्या नळ्या शिरेसारख्या वागायला लागल्या, त्यांच्यावरच्या खुणाही बदलल्या. पेशीला पहिली ओळख जनुकं देतात, पण या वयात ती प्रवाह बदलू शकतो. 1918 आणि 1998, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

तुम्हाला धमनी ओळखायची असेल तर रंगावर जाऊ नका. धमनीत रक्त गर्भापासून बाहेर आणि झटक्यांनी जातं, शिरेत आत आणि संथ येतं.

पायरी चौथी: धुमारे

नव्या नळीचा धुमारा कसा फुटतो हे कोंबडीत बघणं जिकिरीचं आहे. त्यासाठी झेब्राफिश बरा. त्याचा गर्भ काचेसारखा असतो आणि रक्तवाहिन्या हिरव्या चमकतील अशा जाती प्रयोगशाळांत असतात. साधारण 22 तासांच्या गर्भात महाधमनीतून सोमाइटांच्या मधल्या फटींत एकेक धुमारा वर चढताना दिसतो. टोकाच्या पेशीला बारीक बोटं असतात, त्यांनी ती चाचपडत व्हीईजीएफ जास्त असेल तिकडे सरकते. तिच्यामागच्या पेशी वाढून देठ लांबवतात. दोन शेजारणी एकदम पुढारी होऊ नयेत म्हणून टोकाची पेशी डीएलएल4 या प्रथिनाने शेजारणीतला नॉच हा ग्राहक जागा करते आणि तिला मागे थांबवते. हा दट्ट्या काढला तर धुमाऱ्यांचा सुळसुळाट होतो. कोंबडीच्या गर्भातही सोमाइटांच्या मधून अशाच नळ्या जातात. तीन दिवसांच्या गर्भात नीट प्रकाश लावला तर त्या ओळीने दिसतात.

पायरी पाचवी: चौथा-पाचवा दिवस

अंधाऱ्या खोलीत अंडं दिव्यासमोर धरा. लाल कोळी पाय पसरून बसल्यासारखा दिसला की सगळं ठीक. धूसर, न हलणारी लाल कडी दिसली तर गर्भ गेलाय, ते अंडं बाजूला काढा.

खिडकीतून मानेजवळ बघा. हृदयातून वर निघून घशाच्या बाजूंनी पाठीकडे वळणाऱ्या कमानी दिसतील. माशात या कमानी कल्ल्यांकडे जातात. पक्षी आणि सस्तन प्राणी त्याच कमानींचं मोडतोड करून आपलं सामान बनवतात: चौथ्या जोडीतली उजवी कमान पक्ष्यात महाधमनीचा बाक होते, आपल्यात डावी. आपल्या छातीत महाधमनी डावीकडे वळते ती यामुळे.

नळ्यांच्या भिंतीही या काळात जाड होतात. अस्तराच्या पेशी पीडीजीएफ-बी हे प्रथिन सोडतात, त्यामागे पेरिसाइट नावाच्या पेशी येऊन बाहेरून मिठी मारतात. त्या आल्या नाहीत तर केशवाहिन्या फुगतात आणि फुटतात.

शेपटीजवळ एक पारदर्शक फुगा वाढताना दिसेल, तो अलँटॉइस. तो पुढे कवचाखालच्या पडद्याला चिकटून श्वसनाचं काम घेतो, आणि त्याच्यावर पुन्हा पहिल्यापासून पोळं, मग झाड, असा क्रम सुरू होतो.

इथे थांबा. अंडी फ्रिजरमध्ये किमान रात्रभर ठेवा, मग पिशवीत बांधून टाका. भांडी आणि टेबल अल्कोहोलने पुसा. दहा जोड्यांच्या गर्भाचा काढलेला फोटो आणि तिसऱ्या दिवसाचं चित्र शेजारी ठेवून एकदा बघा, आणि वहीत तारखेसोबत सोमाइटचा आकडा लिहायचा राहिला असेल तर आत्ताच लिहा. उद्या आठवत नाही.